बारा जूनचे मानकरी

२७ एप्रिल १९८७, सोमवार

शेवटी पाटी मिळाली. हमरस्त्यावरून नॉर्थ हेगनचा फाटा फुटतो तिथे रस्तेखातं हिरवी पाटी लावणार: 'अमुक यांचं जन्मगाव'. नाव एकच आणि माणूस मेलेला हवा. ग्लेनिसने सभेत हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. ग्लेनिस क्रूगर आमची महापौर. गावातलं एकमेव कॉफीचं दुकानही तिचंच, म्हणून सभा तिथेच भरते आणि प्रत्येकाला काहीतरी विकत घ्यावं लागतं.

गाव एवढंसं, पण बारा जून ही तारीख आम्हाला भरभरून लाभली आहे. एका बारा जूनला सरकारी सर्वेक्षक धुक्यात चालता चालता पाण्यात पडला आणि आमच्या तळ्याचा शोध लागला. पुढे १८८४ साली त्याच तारखेला इथे दोन मुलगे जन्मले. एक डॉ. थॅडियस लिंडमो. तळ्यातली जळू मोकळी सोडली की नेहमी डावीकडे वळते, हे त्यांनी सिद्ध केलं. दुसरा क्लेम यान्सिक ऊर्फ बादली क्लेम. तोंड झाकायला काही सापडेना म्हणून याने बादलीला डोळ्यांपुरती भोकं पाडली, ती डोक्यावर घालून आमची बँक लुटली, बाहेर पडताना खांबावर आपटला आणि पोलिस येईपर्यंत तिथेच बसून राहिला. दर बारा जूनच्या जत्रेत गाव या दरोड्याचं नाटक करतं. लिंडमोंचं कोणी काही करत नाही.

मी उभा राहून बोललो. या गावच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. शाळा आता शेजारच्या गावच्या शाळेत विरघळली. निदान पाटीवर तरी विज्ञान राहू द्या, असं म्हणालो. लोक शांतपणे ऐकत होते. दोघेतिघे डोळे मिटून ऐकत होते. मग शेरीफचा डेप्युटी ड्वेन स्वोबोडा, माझा जुना विद्यार्थी, उठला.

"सर, डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? जळवेच्या की आपल्या?"

लोक हसले. पण प्रश्न मोलाचा आहे. घरी येऊन पाहिलं, लिंडमोंनी याचा खुलासा कुठेच केलेला नाही.

ठरलं असं: ग्लेनिसच्या दुकानात दोन बरण्या ठेवायच्या, एकीवर बादलीचं चित्र, दुसरीवर जळवेचं. प्रत्येकाने मक्याचा एक दाणा टाकायचा. निकाल जत्रेनंतर.

२ मे, शनिवार

तळ्यातून धडधाकट जळू आणली. अर्डिसच्या भाजायच्या काचेच्या भांड्यात पाणी घालून स्वयंपाकघरात प्रयोग केला. जळू उजवीकडे वळली. भांडं फिरवून पुन्हा केला, पुन्हा उजवीकडे. प्रवासाने दमली असावी.

अर्डिस, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून बघत होती. "वर्लिन, त्याच भांड्यात मी रविवारचं हॉटडिश करते."

"विज्ञान आहे हे, अर्डिस."

"मग रविवारी विज्ञान खा."

९ मे, शनिवार

दक्षिणेकडच्या काही वर्तमानपत्रांत मी जाहिरात दिली होती: डॉ. लिंडमो यांच्या नातेवाइकांनी संपर्क साधावा, जत्रेत सत्कार, राहण्या-जेवणाची सोय. आज फोन आला.

"मीच तो," पलीकडचा माणूस म्हणाला.

"कोण?"

"तुम्हाला हवाय तो."

माझ्या अंगावर काटा आला. नाव रॅन्डल लिंडमो, राहणार ॲरिझोना.

२० मे, बुधवार

रॅन्डल आला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, दातात सतत काडी. जुनी गाडी आणि मागे ट्रेलर. तो म्हणतो, मी डॉक्टरांचा सख्खा नातू. मी जरा अडखळलो. डॉक्टर तर अविवाहित होते. रॅन्डलने मान खाली घातली. "म्हणूनच आमच्या घरात हा विषय काढत नाहीत, प्रोफेसर."

मला इतकी लाज वाटली की पुढे विचारलंच नाही.

मला प्रोफेसर म्हणणारा हा पहिलाच माणूस.

गाव दाखवायला नेलं. जळवांबद्दल तो फारसं बोलत नाही. जखम अजून ओली असणार. पण बाकी जिज्ञासा विलक्षण. क्लेमने लुटली ती हीच का बँक? मागे दार आहे का? मटार डबाबंद करतात त्या कारखान्याच्या पगाराची रोकड कुठल्या वारी येते? शुक्रवारी, मी सांगितलं. शास्त्रज्ञाची चौकस बुद्धी रक्तातून उतरते म्हणतात ते असं.

रात्रीच्या जेवणाला अर्डिस त्याच्याकडे एकटक पाहत होती. जेवण होताच तिला आईचे चांदीचे चमचे पॉलिश करायची हुक्की आली आणि ते घेऊन ती गाडीने बहिणीकडे विल्मारला गेली. बहिणीकडे चांगलं पॉलिश असतं म्हणे.

२४ मे, रविवार

गावात चोऱ्या सुरू झाल्यात. ग्लेनिसच्या होडीची मोटर गेली. बँकेचा मॅनेजर मार्व डिट्रिख याचं गवत कापायचं यंत्र गेलं. चर्चच्या तळघरातलं कॉफीचं मोठं भांडं प्रार्थना चालू असताना गेलं. मी ग्लेनिसला तोंडावर सांगितलं, दरोडेखोराला डोक्यावर घ्याल तर दुसरं काय होणार?

रॅन्डलचंही हेच मत पडलं. त्याच्या ट्रेलरवर भक्कम कुलपाची पेटी आहे, म्हणून माझी दुर्बीण मी त्याच्याकडे ठेवायला दिली.

३१ मे, रविवार

चर्चच्या तळघरात रॅन्डलचं 'माझे आजोबा' या विषयावर भाषण झालं. कॉफी नव्हती. तो म्हणाला, आजोबा वाळवंटात जळवांच्या कळपामागे घोड्यावरून फिरत. मी दोनदा खोकलो. पण बायका डोळे पुसत होत्या! पुढे आजोबा बर्फात अडकले, त्यांनी लाडकी जळू छातीशी धरून जगवली, इथे तर ड्वेनही नाक शिंकरायला लागला. मी जन्मभर खरं तेच शिकवलं, पण कोणाच्या डोळ्यांत कधी पाणी आणलं नाही. बाहेर पडताना हाच विचार मनात होता.

दारात टोपीत वर्गणी गोळा केली, लिंडमो स्मारकासाठी. टोपी रॅन्डलकडेच आहे.

५ जून, शुक्रवार

आज भांडण झालं. लिहू नये असं वाटतं, तरी लिहितो.

सकाळी ग्लेनिसच्या दुकानात गेलो तर अर्डिस काउंटरपाशी उभी. माझ्या डोळ्यांदेखत तिने बादलीच्या बरणीत दाणा टाकला. मी तसाच परत फिरलो. ती घरी आल्यावर विचारलं.

"हो, टाकला," ती म्हणाली.

"माझ्या विरुद्ध?"

"तुझ्या विरुद्ध नाही रे. त्या नाटकाला मी हसते, वर्लिन. वर्षातून एकदा. तो वेडा खांबावर आपटतो आणि पोट दुखेपर्यंत हसते मी. तू कधी बघितलंयस मला हसताना? तू त्या वेळी तळ्यावर असतोस."

मी म्हणालो की रॅन्डलसारख्या माणसाला या घरात काय वाटत असेल.

"त्याला काय वाटतंय ते मला चांगलं माहीत आहे. तो लिंडमो नाही, वर्लिन. तो कोणीच नाही. अख्ख्या गावाला कळतंय."

"गाव त्याच्या भाषणात रडलं!"

"चांगलं भाषण होतं म्हणून रडलं. तुला तो हवाय, म्हणून तुला दिसत नाही."

मी म्हणालो, तू हेवा करतेस. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परीक्षेत कोरा कागद देणाऱ्या मुलांकडे पाहायचो. मग ती शिवणाच्या खोलीत गेली आणि तिथेच अंथरूण घातलं.

१० जून, बुधवार

अर्डिस कामापुरती बोलते. जळू अजूनही उजवीकडेच.

ड्वेनची पाठ धरली. काल रॅन्डलच्या ट्रेलरवर काहीतरी ताडपत्रीखालचं जड चढवायला गेला होता बिचारा. दरवर्षी क्लेमचं काम तोच करतो. परवावर जत्रा आणि आता क्लेम कोण? ग्लेनिस रडकुंडीला आली. तेव्हा रॅन्डल पुढे झाला आणि म्हणाला, "मी करतो."

विज्ञानाचा वारस स्वतः होऊन गुन्हेगाराची बादली डोक्यावर घेतो! त्याची अट एकच: नाटकात क्लेमला पळायला म्हणून बाहेर आणतात तो घोडा म्हातारा झालाय, लोक ताटकळतात, तेव्हा पळून जायला गाडी असावी आणि ती प्रोफेसरांनी चालवावी. मी आजवर त्या नाटकाकडे पाठ फिरवली, पण याला नाही कसं म्हणू?

"इंजिन बंद करू नका, प्रोफेसर," तो म्हणाला. "नाटकात ते बरं दिसतं."

१३ जून, शनिवार

हे अग्निशमन केंद्रामागच्या खोलीत लिहितो आहे. आमच्याकडे कोठडी नाही. दाराला कडी आतूनच आहे. ड्वेनने ती लावून घ्यायची विनंती केली, मी लावली.

काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी मुख्य रस्ता माणसांनी फुलला होता. मी बँकेसमोर गाडी चालू ठेवून बसलो होतो. दार सताड उघडं, आतलं सगळं दिसत होतं. रॅन्डल बादली घालून आत शिरला. मार्वने ठरल्याप्रमाणे हात वर केले. काउंटरवर वर्तमानपत्राच्या तुकड्यांची पिशवी तयार होती. रॅन्डलने ती बाजूला सारली आणि मागच्या खोलीत गेला.

"तिकडे नाही रे," मार्व दबक्या आवाजात म्हणाला, "तिकडे खरे आहेत."

बादलीतून घुमणारा आवाज आला, "हात खाली करू नका, मार्व. नाटक चाललंय."

मार्वने हात वरच ठेवले. चेहरा रडवेला केला. लोक खूश, मार्व इतका चांगला नट आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

रॅन्डल दोन पिशव्या घेऊन बाहेर आला आणि खांबाला वळसा घालून सरळ गाडीत बसला. "खांब! खांब!" लोक ओरडले. मीही त्याला म्हणालो, हे इतिहासाला धरून नाही. तो म्हणाला, "प्रोफेसर, चला." मी दोन्ही बाजूंच्या लोकांना हात हलवत गाडी काढली. माझ्यासाठी कोणी शिट्ट्या वाजवल्याचं मला आठवत नाही. काल वाजवल्या.

हमरस्त्याच्या फाट्यावर त्याची गाडी ट्रेलर जोडून उभी होती. मी विचारलं, परत नाही का यायचं, सत्कार आहे. तो म्हणाला, सत्कार आजोबांना आवडत नसत. मग त्याने बादली काढून माझ्या हातात दिली. "ठेवा. आठवण म्हणून." तो गेला तेव्हा ताडपत्री एका बाजूने उडत होती आणि खालचं गवत कापायचं यंत्र मार्वच्या यंत्रासारखंच हिरवं होतं. तेवढ्या वेळात मला तेवढंच जाणवलं.

परत येताना वाटलं, गावाने नाटक अर्धवट पाहिलं. लोक शेवटाची वाट पाहत असतील. बँकेशी आलो तर सगळे खरंच उभे होते. मग मी बादली घातली, गाडीतून उतरलो, चार पावलं धावलो आणि खांबावर आपटलो.

असा हशा मी जन्मात ऐकला नव्हता. बादलीच्या आत तो गडगडल्यासारखा येत होता. मी बसूनच राहिलो. त्या सगळ्या आवाजातून एक हसणं मला वेगळं ऐकू आलं. धापा टाकत, मध्येच हुंदका दिल्यासारखं. ते अर्डिसचं होतं. चौतीस वर्षांचा संसार झाला, पण मला ते ओळखायला दोन क्षण लागले.

मग मार्व बाहेर आला. त्याचे हात अजून वरच होते. "कारखान्याचा पगार गेला," तो म्हणाला.

ड्वेन एका हाताने पाठ धरून माझ्यापाशी आला. "हात वर. बादली काढ!"

"दोन्ही एकदम कसं करू?" मी विचारलं.

"सर?" ड्वेन म्हणाला. "अरे देवा. सर?"

आज सकाळी अर्डिस डोनट आणि कॉफी घेऊन आली. मी म्हटलं, काहीतरी गैरसमज झालाय, रॅन्डल पोचल्यावर फोन करेलच. ती माझ्या शेजारी खाटेवर बसली.

"कपाळाला केवढं टेंगूळ आलंय," ती म्हणाली.

"बादलीला आतून कड आहे."

ती पुन्हा हसायला लागली. मग डोकं माझ्या खांद्यावर टेकून हसतच राहिली. ड्वेन दार वाजवून विचारून गेला, सगळं ठीक आहे ना?

१७ जून, बुधवार

सुटलो. रॅन्डलला दोन राज्यं पलीकडे एका मोटेलात धरलं. खोलीत चर्चच्या भांड्यात कॉफी करत होता. खरं नाव डेनिस पकेट. माझी जाहिरात त्याने ट्रकवाल्यांच्या खानावळीत, सांडलेल्या सुपाखाली वाचली. पैसे परत मिळाले. त्याने पोलिसांना सांगितलं की म्हाताऱ्याला काही माहीत नव्हतं, त्याला कधीच काही माहीत नसतं. मला सोडवण्यासाठी त्याने इतकं केलं. माणूस मुळात वाईट नाही.

दुर्बीणही मिळाली.

३० जून, मंगळवार

बरण्या उघडल्या. पाटीवर बादली क्लेम. जळवेच्या बरणीत तळाला दोनच दाणे होते. एक माझा. दुसरा रॅन्डलचा असावा. त्याने मला तसा शब्द दिला होता. पण ग्लेनिस म्हणते, तेरा तारखेला सकाळी बरणी पुसली तेव्हा आत एकच होता. तेव्हा तर तो गावात नव्हता. अर्डिसला विचारलं, हे कसं काय?

"असेल काहीतरी," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी बटाटे वाढले. ती शिवणाच्या खोलीतून केव्हाच परत आली आहे.

२२ मे १९८८, रविवार

ग्लेनिस येऊन गेली. यंदा जत्रेत क्लेमचा दरोडा नाही करायचा, माझा करायचा म्हणतात. क्लेमला पाटी मिळाली, पण लोक माझ्याबद्दलच विचारतात. बारा जून यंदा रविवारी येतो. मार्व नाटकापुरती बँक उघडणार. माझं काम ड्वेन करणार आहे.

मी म्हटलं, खुशाल करा, मी येणार नाही. गावात मी विज्ञान शिकवायला आलो होतो.

अर्डिस मात्र नाटकात आहे. तिने स्वतः जाऊन कॅशियरचं काम मागून घेतलं. रोज तालमीला जाते. मार्वने तिला किल्ल्यांचा जुडगाही दिला आहे, सवय व्हावी म्हणून. तिने एखादी गोष्ट इतकी मन लावून केलेली मी कधी पाहिली नव्हती.

९ जून, गुरुवार

तालीम बघायला गेलो. लांबून. ड्वेन सगळं चुकीचं करतो. मी गाडीत बसल्यावर आधी पट्टा लावला होता. तो लावत नाही. मी लोकांना हात हलवला तो आपुलकीने. हा राजासारखा हलवतो. खांबाकडे तर तो बेत केल्यासारखा धावतो. मी तसा नव्हतो धावलो. मला खांब खरोखरच दिसला नव्हता.

मी पुढे होऊन एवढंच सांगायला गेलो. ड्वेनने बादली काढून माझ्यापुढे धरली. "सर, माझी पाठ अजून दुखते. तुम्हीच करा ना."

काउंटरमागून अर्डिस माझ्याकडे पाहत होती. मी बादली घेतली.

१३ जून, सोमवार

मोटेलात आहोत. साउथ डकोटा.

काल गर्दी इतकी होती की हमरस्त्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या. रॅन्डलचं काम ग्लेनिसने केलं, बादली तिच्या केसांत अडकली. पण तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. मी गाडीत बसलो, माझी बादली मागच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, इंजिन चालू ठेवलं. आता ग्लेनिसने पिशवी घेऊन यायचं. त्याऐवजी अर्डिस बाहेर आली. पिशवी तिच्याकडेच होती. ती माझ्या शेजारी बसली आणि तिने दार लावून घेतलं.

"हे तालमीत नव्हतं," मी म्हणालो.

"चल," अर्डिस म्हणाली.

लोक हसत होते, शिट्ट्या वाजवत होते. मार्व दारात हात वर करून उभा होता, गेल्या वर्षीपेक्षाही छान. मी हात हलवत गाडी काढली. फाट्याशी आलो, क्लेमच्या पाटीखाली गाडी वळवून परत जायचं होतं. मी वेग कमी केला.

"वळू नकोस."

"खांबाचं राहिलंय, अर्डिस. लोक वाट बघतील."

"बघू देत."

बराच वेळ आम्ही पश्चिमेला जात राहिलो. दोन्ही बाजूंना नुसता मका. अर्डिसने खिडकी खाली केली, बूट काढले आणि पाय वर घेतले. अधूनमधून आपली आपणच हसायची. हसली की तिच्या डाव्या गालाला खळी पडते. हे मी प्रथमच टिपून ठेवतो आहे.

आज सकाळी गाडीतून पिशवी आणि बादली मी आत आणली. वर्तमानपत्राचे तुकडे इतके जड कसे लागतात, हे कोडं सुटेना. मी नाडी सोडायला घेतली तर अर्डिसने माझा हात हलकेच बाजूला केला.

"पुढचं राज्य लागू दे," ती म्हणाली. "आणि गावात फोन करू नकोस."

"ड्वेन काळजी करेल."

"करेल," अर्डिस म्हणाली आणि आरशासमोर उभी राहून तिने बादली डोक्यावर घालून पाहिली. मग ती गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन पुढे चालू लागली.